दोघांना सारखा न्याय देणारी पेटी

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरातल्या शाळांत दहा हजारांहून अधिक अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी काही घडवावे, यासाठी एकेका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची ही योजना आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. खोली मिळाली, यंत्रे आली. आता खरा प्रश्न आहे तो मुलांनी तिथे करायचे काय, हा. विज्ञान प्रदर्शनांत ठरावीक प्रकल्प पुन्हा पुन्हा भेटतात: काळ्या रेषेवरून धावणारी गाडी, हात पुढे केला की उघडणारा कचऱ्याचा डबा, टाकी भरली की वाजणारा गजर. त्यातून काही शिकायला मिळत नाही असे नाही. पण बरेचदा ते तयार किटमधून, सोबतच्या सूचना वाचून जोडलेले असतात आणि परीक्षकांची पाठ फिरली की त्यांचे काम संपते. या यादीत एका वस्तूची भर घालावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. ती वस्तू म्हणजे दोन खेळाडूंसाठी लाकडात बनवलेली आर्केड गेमची कंट्रोलर पेटी. टेबलावर मावेल एवढी पेटी, वर दोन जॉयस्टिक आणि बटणांचे दोन संच, मागून निघालेली एक यूएसबी केबल. शाळेतल्या कोणत्याही जुन्या संगणकाला जोडली की खेळ सुरू.

अशी पेटी काहींना करमणुकीची चैन वाटेल. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांसाठी ऑसिलोस्कोपच्या छोट्या पडद्यावर टेनिसचा खेळ तयार केला. खेळणारे दोघे होते आणि प्रत्येकाच्या हातात एक डबी होती: चेंडूचा कोन ठरवायला फिरती खुंटी आणि फटका मारायला एक बटण. पुढे १९६२च्या सुमारास एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोघांचा खेळ लिहिला. सुरुवातीला तो संगणकाच्या दर्शनी पट्टीवरचे स्विच वर-खाली करून खेळावा लागे. त्यात कोपरे भरून येत, आणि पडदा एका बाजूला असल्याने दोघांपैकी एकाला तो नीट दिसे, दुसऱ्याला तितकासा दिसत नसे. तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोन विद्यार्थ्यांनी तिथल्या रेल्वे-मॉडेल क्लबमधल्या सुट्या सामानातून दोन स्वतंत्र कंट्रोलर पेट्या बनवल्या. १९७२ साली अटारीच्या 'पाँग'ने हा प्रकार बाजारात नेला. त्या यंत्रावर एकट्याला खेळताच येत नसे. दुसरा माणूस शेजारी असावाच लागे. म्हणजे घरगुती कंट्रोलर पेटी हे व्हिडिओ गेमच्या धंद्यातून निघालेले उपउत्पादन नव्हे. धंदा जन्मण्याच्या आधीच ती प्रयोगशाळेत जन्मली, आणि एमआयटीत तर दोघांना समान संधी मिळावी या गरजेतून.

माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. एकट्यासाठी बनवलेली वस्तू बनवणाऱ्याला सांभाळून घेते. एखादे बटण अडखळते, हे त्याला माहीत असते. तो ते जरा जोराने दाबतो आणि पुढे जातो. दोघांसाठी बनवलेल्या वस्तूत ही सवलत नाही. उजवीकडच्याचे बटण डावीकडच्यापेक्षा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने जरी उशिरा लागले, तरी हरणारा तक्रार करणार, आणि ती तक्रार रास्त असणार. या पेटीची परीक्षा रोज, दर डावाला होते, आणि ती घेणारा माणूस शेजारीच बसलेला असतो. शाळेतल्या कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा ही कसोटी कडक आहे.

आता आतली रचना पाहू. जॉयस्टिकच्या दांड्याखाली चार बाजूंना चार छोटे मायक्रोस्विच असतात. दांडा उजवीकडे कलला की एक स्विच टक्कन दबतो; तिरका कलला की शेजारचे दोन एकदम दबतात, आणि अशा रीतीने चार स्विचमधून आठ दिशा मिळतात. प्रत्येक खेळाडूला चार दिशा आणि सहा बटणे, म्हणजे दहा स्विच; दोघांचे वीस. सहा बटणांची ही मांडणी १९९१च्या 'स्ट्रीट फायटर टू'मुळे जगभर रुळली. त्यात प्रत्येकाचे एक स्टार्ट आणि एक कॉइन बटण धरले की चोवीस होतात. २०२१ साली चार डॉलर किमतीला बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर वापरण्याजोग्या पिना आहेत २६. प्रत्येक स्विचचा एक पाय आपापल्या पिनेला जातो आणि दुसरा पाय एका सामाईक ग्राउंड तारेला. ती तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी फिरत जाते. चोवीस जोडण्या, सव्वीस जागा. हा हिशेब सातवीतल्या मुलीला कागदावर मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

यात 'दोघे' आले की प्रश्न अवघड होतो आणि शिक्षणही तिथेच सुरू होते. पुष्कळ जण पहिल्यांदा जुना कीबोर्ड उघडून त्याच्या सर्किटला बटणे जोडण्याचा मार्ग धरतात. एकट्याला तो पुरतो. पण साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला वेगळी तार नसते, कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीवर बसवलेल्या असतात. या जाळीतल्या एखाद्या आयताचे तीन कोपरे एकदम दाबले गेले, तर न दाबलेला चौथा कोपराही दाबल्यासारखा भासतो, किंवा तो धोका टाळण्यासाठी कीबोर्ड तिसरी कळ नाकारतो. त्यात अनेक कीबोर्ड एका वेळी सहापेक्षा जास्त सामान्य कळांची नोंद संगणकाला देत नाहीत. दोन खेळाडू तिरके पळत, दोन-दोन बटणे दाबत एकमेकांवर तुटून पडले की ही मर्यादा क्षणात ओलांडली जाते आणि कुणाची तरी उडी हवेत विरते. मग मुलांना उपाय शोधावे लागतात: प्रत्येक स्विचला डायोड लावायचा, की स्वतंत्र पिन द्यायची, की पेटीने संगणकाला 'मी दोन वेगवेगळ्या जॉयस्टिक आहे' असे सांगायचे? भौतिकशास्त्राच्या पुस्तकात डायोड एका आकृतीत येतो आणि पाठ होतो. इथे तो एका भांडणाचे उत्तर म्हणून येतो.

वेळेचा प्रश्नही असाच. स्विच दाबला की आतली धातूची पट्टी काही मिलिसेकंद थरथरते आणि बोर्डाला एकाच दाबाचे अनेक दाब दिसतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये थोडे थांबून खात्री करावी लागते. फार थांबले तर खेळ जड वाटतो, कारण पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी पहिल्या खेळाडूची सगळी बटणे थांबत थांबत तपासली, मग दुसऱ्याची, तर दुसऱ्यावर प्रत्येक वेळी अन्याय होतो. कुणीही मुद्दाम केलेला नसतो. तो कामाच्या क्रमात दडलेला असतो. यंत्रातला पक्षपात असा असतो हे या वयात हाताने अनुभवलेल्या मुलीला उद्या रांगा लावणारी, अर्ज चाळणारी, माणसांची निवड करणारी सॉफ्टवेअर तपासताना कुठे पाहायचे ते कळेल.

लाकूडकाम हा या पेटीचा दुय्यम भाग समजू नये. आटोपशीरपणा ही इथे मोठी अट आहे. दोघे जण खांद्याला खांदा लावून बसतात तेव्हा डावीकडच्याचा बटणांवरचा उजवा हात आणि उजवीकडच्याचा जॉयस्टिकवरचा डावा हात मधोमध भिडतात. पेटी दोन-सव्वादोन फुटांत बसवायची तर या हातांच्या कोपरांसाठी जागा काढावी लागते. त्यासाठी आधी पुठ्ठ्यावर मांडणी आखायची, वेगवेगळ्या उंचीच्या मुलांना हात ठेवायला सांगायचे, बोटांच्या लांबीप्रमाणे बटणांची ओळ वळवायची, मग गुण्या लावून खुणा प्लायवूडवर उतरवायच्या. बटणाचे ३० मिलिमीटरचे भोक पाडताना फळीखाली टाकाऊ लाकूड दाबून धरले नाही तर पलीकडच्या बाजूने ढलप्या निघतात. फळी १८ मिलिमीटरची घेतली तर अनेक प्लास्टिक बटणांचे आटे तेवढ्या जाडीत पुरत नाहीत आणि नट बसत नाही. मग खालून खाच कोरावी लागते किंवा वर पातळ पत्रा घ्यावा लागतो. पुढची कड टोकदार राहिली तर तासाभरात मनगटावर वळ उमटतो. तिथे रंधा, कानस आणि पॉलिश पेपर यांना पर्याय नाही. यातले काहीच पडद्यावर शिकवता येत नाही. गल्लीतल्या सुताराला हे सगळे येते, आणि त्याला शाळेत सन्मानाने, मोबदला देऊन शिकवायला बोलावण्याचे याहून चांगले निमित्त नाही. आपल्याकडे हाताच्या कामाची विभागणी जातींनी केली आणि शाळेने पुस्तकाला वरची जागा दिली. एकाच पेटीत सुतारकाम आणि प्रोग्रॅमिंग एकमेकांवाचून अडतात, तेव्हा ती उतरंड टिकवणे कठीण होते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. हाताच्या उद्योगातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमची मांडणी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावाच्या गरजेच्या वस्तू व सेवा उभ्या करता करता मुले विज्ञान शिकतात, हे दाखवून दिले. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, २००२ साली त्याच पाबळमध्ये उभी राहिली. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून खेळणी करत विज्ञानाची तत्त्वे हजारो मुलांपर्यंत पोचवली. दोघांची कंट्रोलर पेटी याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे: खेळणे आहे, उपयोगी आहे, आणि मुलांच्या काळातले आहे.

सर्वांत मोठा आक्षेप अर्थातच असा येईल की मुले आधीच पडद्याला चिकटली आहेत. शाळेने त्यांच्या हाती गेम द्यावा काय? ही काळजी खोटी नाही. गेमिंगच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले आहे आणि हे वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली. पण नेमके कशाने मुले अडकतात ते पाहायला हवे. न संपणारे टप्पे, रोज हजेरी लावायला भाग पाडणारी बक्षिसे, पैसे खर्चायला लावणाऱ्या खिडक्या आणि एकटेपणा, या गोष्टींचा त्यात मोठा हात असतो. शाळेच्या टेबलावरच्या पेटीत यातले काहीच नाही. इंटरनेट लागत नाही, डाव काही मिनिटांत संपतो, आणि कॅरमच्या पटाभोवती जमतात तशी मुले आपली पाळी येण्याची वाट पाहत भोवती उभी राहतात. शिवाय बनवण्याच्या आठवड्यांत मुलांचा फार मोठा वेळ लाकूड, तारा आणि मल्टीमीटरबरोबर जातो. खेळ आतून कसा चालतो, कोणते बटण कोणत्या ओळीमुळे काय करते, हे कळलेले मूल कंपनीने लावलेला सापळाही ओळखू शकते. मुलांना गेमपासून दूर ठेवण्याचे प्रयत्न आपण करून पाहिले. त्यांना गेमचा मालक करून पाहणे अजून बाकी आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा: बाजारात तयार गेमपॅडची जोडी स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशाला? स्वतः बनवलेली पेटी तयार जोडीपेक्षा महाग पडू शकते, हे मान्य केले पाहिजे. पण शाळेला कंट्रोलर विकत घ्यायचा नाही. शिक्षण विकत घ्यायचे आहे. बोर्ड काही शे रुपयांत मिळतो, प्लायवूडचे तुकडे सुताराकडे उरलेले असतात, बटणे आणि जॉयस्टिक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधता येतात, नाहीतर ऑनलाइन मागवता येतात. संगणक शाळेतला जुनाच चालतो. मोडलेला गेमपॅड बहुधा कचऱ्यात जातो. या पेटीतले बिघडलेले बटण मात्र तारांचे दोन लग काढून, नट सैल करून काही मिनिटांत बदलता येते. समजा पाच बटणे एकदम बंद पडली. सामाईक ग्राउंड तार एखाद्या बटणापाशी तुटली की त्याच्या पुढची सगळी मुकी होतात. मल्टीमीटरचे एक टोक बोर्डाच्या ग्राउंडला आणि दुसरे एकेका बटणाच्या पायाला लावत जायचे. जिथे बीप थांबला, त्याच्या अलीकडच्या जोडणीत दोष. पाच बिघाड दिसत होते, निघाला एक. कारणाचा असा माग काढण्याची सवय ही विज्ञानशिक्षणाची खरी कमाई आहे, आणि एकाच तारेवर सगळे टांगलेले ठेवावे की तिचे दुसरे टोकही बोर्डाला जोडावे, हा त्यातून निघणारा पुढचा धडा आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो गंभीर आहे. घरगुती पेट्यांवर लोक बहुतेक वेळा जुने आर्केड गेम चालवतात. त्यासाठीचा 'मेम' हा १९९७ साली सुरू झालेला प्रोग्रॅम आज मुक्त स्रोत आहे. पण त्यावर चालणाऱ्या गेमच्या फाइल कंपन्यांच्या मालकीच्या असतात, आणि परवान्याविना त्या उतरवणे हा स्वामित्व हक्काचा भंग ठरतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' या नावाने गाजलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' कितीही प्रिय असला, तरी शाळेने तो चोरून चालवता कामा नये. इथे उत्तर सोपे आहे आणि शिक्षणाच्या फायद्याचे आहे: गेम मुलांनीच लिहावा. चेंडू, दोन फळ्या, गुणफलक, एवढा खेळ स्क्रॅचमध्ये किंवा पायथनमध्ये आठवी-नववीच्या आवाक्यातला आहे. लिहिणाऱ्यांनी खुल्या परवान्याने दिलेले गेमही पुष्कळ आहेत. परवाना वाचायचा कसा, दुसऱ्याच्या कामाचा मान राखायचा कसा, हेही मग अभ्यासात आपोआप येते.

उरतात व्यवहाराचे प्रश्न. सुरक्षिततेचा विचार केला तर पेटीत यूएसबीची ५ व्होल्टची वीज असते. घरगुती वीजपुरवठ्याचा तिच्याशी थेट संबंध येत नाही. करवत, ड्रिल आणि सोल्डरिंगच्या वेळी मोठे माणूस जवळ हवे, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि भोके पाडण्याचे काम सुरुवातीला सुतारानेच केले तरी हरकत नाही. शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचे ओझे आहे, हे खरे. म्हणून हा उपक्रम सक्तीचा होऊ नये आणि जवळच्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना सोबतीला द्यावे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दहा दप्तरमुक्त दिवस यासाठी वापरता येतील. मुलांनी पेटी बनवायची आणि मुलींनी ती रंगवायची, अशी वाटणी मात्र होऊ देऊ नये. गटात प्रत्येकाने प्रत्येक काम एकदा तरी करावे, असा नियम घालावा.

या कौशल्याची पोच खेळापुरती राहत नाही, म्हणूनही त्याला शाळेत जागा हवी. ज्याची बोटे नीट वळत नाहीत, त्याला तळहाताने दाबायचे मोठे बटण लागते. ज्याचा एकच हात चालतो, त्याला सगळी मांडणी एका बाजूला लागते. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली काढलेला अडॅप्टिव्ह कंट्रोलर बाहेरचे स्विच जोडता यावेत याच कल्पनेवर उभा आहे. दोघांची पेटी बनवलेली मुले असा स्विच स्वतः करू शकतात आणि वर्गातल्या अपंग मित्राला खेळात बरोबरीने बसवू शकतात. समान संधी या शब्दाला इथे मोजमाप मिळते: किती इंचावर, किती मोठे, किती जोराने दाबावे लागणारे बटण.

म्हणून मागणी साधी आहे. शिक्षण विभागाने आणि शाळांनी टिंकरिंग लॅबच्या उपक्रमांत दोघांच्या कंट्रोलर पेटीचा समावेश करावा. तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनांत तिच्यासाठी वेगळी कसोटी ठेवावी: परीक्षकांनी तक्ते वाचण्याऐवजी अनोळखी दोन मुलांना पेटीवर बसवावे, मग जागा बदलून पुन्हा बसवावे, आणि दोन्ही बाजूंनी सारखेच खेळता येते का ते पाहावे. जी पेटी जागा बदलल्यावरही तक्रारीला वाव देत नाही, तिला पहिला क्रमांक द्यावा. नव्या ५० हजार लॅबवर सरकार मोठा पैसा खर्च करणार आहे. त्या लॅबमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना वस्तू चालवून दाखवता यावी, ही अपेक्षा फार लहान आहे. आपण केलेली वस्तू दुसऱ्यालाही आपल्याइतकीच नीट वापरता येते का, हे तपासल्याशिवाय काम पुरे झाले असे न मानणारी मुले तिथून बाहेर पडली, तर तो पैसा कारणी लागेल.